पंप बदलू नका, पडदा बदला

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही, गाडी घाटात दम टाकते, सकाळी लवकर चालू होत नाही, अशी तक्रार करायचा अवकाश, की चार जण एकदमच सांगतात, "तो जुना पंप काढून फेका आणि इलेक्ट्रिक पंप बसवा. कटकट संपेल." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मला हा सल्ला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगायचे तर आधी हा पंप काय काम करतो ते पाहावे लागेल.

माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बांच्या हातची गाडी. आम्ही मिरजेत राहतो आणि गाडी अजूनही महिन्यातून दोन-तीनदा रस्त्यावर येते. म्हणून उदाहरण पद्मिनीचे घेतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बने. आधी ती फियाट ११०० होती, १९७४ पासून ती 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळ्या देशाने पाहिले. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षे भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बातम्या झाल्या, लोक हळहळले. पण खासगी मालकांच्या पद्मिनी अजून आहेत, आणि त्यांच्या इंजिनाच्या बाजूला दोन बोल्टांवर बसलेला तो लहानसा पंपही आहे.

गॅरेजमध्ये याला 'एसी पंप' म्हणतात. गाडीतल्या गारव्याशी त्याचा काही संबंध नाही. असे पंप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नाव एसी, अल्बर्ट चॅम्पियन या माणसाच्या नावाची ती आद्याक्षरे. त्याच्या आधीच्या काळात टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच ठेवत आणि पेट्रोल आपोआप खाली येई. फोर्डच्या 'मॉडेल टी'ची टाकी सीटखाली होती. पेट्रोल कमी असताना उभा चढ आला तर इंजिन वर आणि टाकी खाली व्हायची, म्हणून लोक ती गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवायचे. पंप आला आणि टाकी मागे डिकीकडे नेता आली.

या पंपाची रचना पाहिली की कौतुक वाटते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो. तो फिरताना पंपाचा लिव्हर दाबतो. लिव्हर एका लवचिक पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, खाली ओढतो. वरच्या पोकळीत ओढ तयार होते आणि टाकीकडची झडप उघडून पेट्रोल आत येते. उंचवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग पडद्याला वर ढकलते, दुसरी झडप उघडते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. म्हणजे पेट्रोल आत ओढायचे काम इंजिनाचे आणि पुढे ढकलायचे काम स्प्रिंगचे.

खरी खुबी यातच आहे. कार्ब्युरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि निडल वाट बंद करते. पेट्रोलला पुढे जायला जागा नाही, म्हणून पडदा खालीच थांबतो. लिव्हर नुसता हलत राहतो, पडद्याला ओढत नाही. वाटीतले पेट्रोल कमी झाले की स्प्रिंग पुन्हा कामाला लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, १,५०० फेरे घेतो. लिव्हर सेकंदाला पंचवीस वेळा हलतो. तरी कार्ब्युरेटरवर दाब जेमतेम दोन ते चार पीएसआयच्या आसपास राहतो, कारण तो स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो, इंजिनाच्या वेगावर नाही. वायर नाही, फ्यूज नाही, रिले नाही. इंजिन थांबले की पंपही थांबला. अपघातात गाडी बंद पडली, नळी तुटली, तरी हा पंप मागून पेट्रोल ढकलत बसत नाही.

मग बिघडते काय? बहुतेक वेळा तो पडदा. रबर चढवलेल्या कापडाचा हा गोल तुकडा पेट्रोल आणि इंजिनाची उष्णता सोसत वर्षानुवर्षे हलत राहतो. एक दिवस त्याला चीर पडते. त्यासाठीच पंपाच्या खालच्या भागाला एक बारीक भोक ठेवलेले असते. तिथून पेट्रोल ठिबकू लागले तर पडदा गेला असे समजावे. भोक मळाने बुजलेले असले तर बाहेर काही दिसत नाही आणि पेट्रोल आतल्या आत इंजिनाच्या तेलात उतरत राहते. तेल पातळ होते, बेअरिंग झिजतात. डिपस्टिक काढून वास घेतला तर कळते. तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली, आणि तेलाला पेट्रोलचा वास असला, तर गाडी तिथेच थांबवावी. दुरुस्ती नंतर, आधी तेल बदलायचे.

हे सगळे जुनेच दुखणे आहे. गेल्या काही वर्षांत त्यात नवी भर पडली आहे ती एथेनॉलची. २०१४ साली देशातल्या पेट्रोलमध्ये एथेनॉल सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये पंपावर वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळू लागले. १९७८ साली कुर्ल्यात ज्याने पडद्याचे रबर निवडले, त्याच्या समोर हे पेट्रोल नव्हते. एथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते, मऊ करते, मग ते चिरते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे चिकटून बसलेली घाणही ते सोडवते, आणि ती घाण पंपाच्या झडपांत येऊन अडकते.

आमच्या भागात हा विषय नाजूक आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा म्हणजे उसाचा पट्टा. कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारे एथेनॉल विकले गेले तर ऊस घालणाऱ्याचे बिल वेळेवर निघण्याची आशा वाढते. त्यामुळे मी एथेनॉलला शिव्या देणार नाही. माझे नातेवाईक ऊस पिकवतात आणि माझ्या गाडीच्या पंपातले रबर त्याच उसाने खाल्ले, एवढे म्हणून मी थांबतो. पेट्रोल बदलले आहे, तर रबरही बदलले पाहिजे. त्यासाठी पंप बदलायची गरज नाही.

इलेक्ट्रिक पंपाच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. गाडी महिनाभर उभी असली की कार्ब्युरेटरची वाटी सुकते. जुना पंप इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल आणत नाही, म्हणून बॅटरीला बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. इलेक्ट्रिक पंप चावी फिरवताच वाटी भरतो. दुसरे म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात खंबाटकी चढताना तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि ओढ संपते. पंपावर ओले फडके टाकून घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ, थंड जागी बसवता येतो आणि तो त्रास कमी होतो.

पण ज्या पद्धतीने तो आपल्याकडे बसवला जातो, ते पाहून मला भीती वाटते. बाजारात मिळेल तो पंप आणायचा, हॉर्नच्या वायरला जोड मारायचा, झाले काम. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पीएसआयच्या वर दाब देतो. तो कार्ब्युरेटरवर लावला तर निडल टिकत नाही, वाटी भरून वाहते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडते. कार्ब्युरेटरसाठीचे कमी दाबाचे पंप वेगळे असतात. ते बसवतानाही इंजिन थांबले तर पंप थांबेल अशी सोय, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा स्विच किंवा धक्का बसताच तुटणारा स्विच, लावायलाच हवी. रिले आणि फ्यूजही हवा. इतके सगळे नीट करणारा कारागीर भेटला तर जरूर बसवा. जो पन्नास मिनिटांत बसवून देतो, त्याच्याकडून बसवू नका. जुन्या पंपात जी सुरक्षितता फुकट होती, ती आता पैसे देऊन परत आणावी लागते, हे तो सांगत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. गेल्या वर्षी मी पंप घेऊन गेलो आणि विचारले, "चाचा, नवाच टाकायचा का?" त्यांनी पंप हातात फिरवला, लिव्हर दोनदा दाबला आणि म्हणाले, "बॉडीला काय झालंय? रबर गेलंय नुसतं." सगळा मुद्दा या वाक्यात आला. या पंपात टिकणारा भाग कोणता आणि झिजणारा कोणता, हे बनवणाऱ्यानेच ठरवले होते. तो खोलता यावा म्हणून त्याला स्क्रू दिले. पुढे अनेक ठिकाणी न खोलता येणारे, दाबून बंद केलेले पंप आले. ते बिघडले की फेकावेच लागतात. ज्याला स्क्रू आहेत तोही फेकायचा, ही सवय आपण त्या दुसऱ्या पंपांकडून उचलली.

चाचांनी काम कसे केले ते सांगतो, कारण चांगली दुरुस्ती आणि नुसते किट बदलणे यातला फरक लहान लहान गोष्टींत आहे. बोल्ट सोडवण्याआधी त्यांनी बॅटरीची वायर काढली. पंप खोलण्याआधी वरच्या आणि खालच्या भागावर मिळून एक ओरखडा मारला, म्हणजे जोडताना तोंडे चुकणार नाहीत. सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. जोडाच्या कडा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासल्या, कारण अनेक वर्षे स्क्रू आवळून आवळून त्या कडा वाकतात, आणि कितीही नवा पडदा टाकला तरी तिथून हवा ओढली जाते. झडपा फुंकून पाहिल्या, एका बाजूने हवा गेली पाहिजे, उलट्या बाजूने नाही. लिव्हरची पिन भोकात किती खेळते ते पाहिले. ती ढिली असली की लिव्हरची हालचाल अर्धी वाया जाते.

पडदा बसवताना त्यांनी जे केले ते अनेक जण करत नाहीत. स्क्रू हलके लावून त्यांनी लिव्हर पूर्ण दाबून धरला आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. पडदा पूर्ण खाली ओढलेला असताना आवळला तरच त्याला हलायला पुरेशी ढील मिळते. लिव्हर सोडून आवळला तर पडदा ताणलेला राहतो आणि लवकरच फाटतो. मग मालक म्हणतो, किट खराब. शेवटी पेट्रोल आत येण्याच्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर दोनदा हलवला. बोट ओढले गेले आणि ओढ काही क्षण टिकली. पंप गाडीवर चढवताना इंजिन आणि पंप यांच्यामधला जाड, उष्णता अडवणारा तुकडा त्यांनी परत जिथल्या तिथे ठेवला. तो तुकडा हरवला म्हणून नुसत्या कागदी गॅस्केटवर पंप बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यात पंप तापतो आणि लिव्हर जास्त दाबला जातो. उन्हाळ्यात वाफ धरण्याचे निम्मे दुखणे अशा ठिकाणी असते.

किटबाबत मात्र सावध राहायला हवे. त्याआधी एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून मिळालेला पडदा चार महिन्यांत फुगून पापडासारखा झाला होता. खोक्यावर छापलेल्या नावावर विश्वास ठेवता येत नाही, असे दिवस आहेत. एथेनॉल सोसणारे रबर मागा, व्हिटॉन जातीचे मिळाले तर उत्तम. मी आता किटमधली जास्तीची रबरी वॉशर बंद काचेच्या बरणीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवतो, घराबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. फुगली किंवा लिबलिबीत झाली तर ते किट परत. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात. नव्या पडद्याला जुनी नळी जोडली तर आगीचा धोका एक हात मागे सरकतो, एवढेच.

पंप बदलावाच लागतो असेही प्रसंग असतात. बॉडीला तडा गेला, पिनचे भोक अंडाकृती झाले आणि त्यात बुश बसवायला जागा उरली नाही, लिव्हर कॅमच्या बाजूला खूप झिजला, तर हट्ट धरू नये. पंपामागे आगीचा प्रश्न असतो आणि गाडीत आपली माणसे बसतात. पण हा निर्णय पंप खोलून पाहिल्यावर घ्यायचा असतो. न खोलता दिलेला निर्णय हा निर्णय नसतो, तो आळस असतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये ओलांडली, माझी २०२८ मध्ये ओलांडेल. इलेक्ट्रिक पंप बसवला म्हणून कोणी नोंदणी नाकारेल असे मी म्हणत नाही. पण आज पंप, उद्या कार्ब्युरेटर, परवा डिस्ट्रिब्युटर असे करत गेलो तर 'मूळ रूप' नावाची गोष्ट उरेल ती फक्त पत्र्यात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे. चाचांच्या गॅरेजमध्ये आज शिकणारा एकही मुलगा नाही. मोटार दुरुस्तीत मुस्लिम कारागिरांचे प्रमाण मोठे आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेले आहे. आमच्या मोहल्ल्यांत हे सांगायला अहवाल लागत नाही. या धंद्यात उस्तादाच्या हाताखाली पोरगा दहाव्या वर्षी यायचा, पाने धुवायचा, शिव्या खायचा आणि पंधरा वर्षांनी स्वतः उस्ताद व्हायचा. ती पद्धत परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलाची जागा शाळेत आहे. चाचांची मुले शिकली, नोकरीला लागली, याचा त्यांना अभिमान आहे आणि मलाही आनंद आहे. पण चाचांच्या बोटांत जे आहे ते कुठल्याच कागदावर नाही आणि ते त्यांच्याबरोबर जाणार, याचे दुःख त्या आनंदाने कमी होत नाही.

आमच्याच मिरजेत याचे दुसरे टोक दिसते. इथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचा धंदा बसला तेव्हा तेच हात तंतुवाद्यांकडे वळवले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांनाही अडचणी आहेतच, पण निदान त्यांच्या हाताला नाव मिळाले. मोटार मिस्त्रीच्या हाताला आपण काय म्हणतो? 'काळे हात'. त्याने तीन तास घालून पंप नीट केला तर आपण मजुरीत घासाघीस करतो, आणि नवा पंप विकणाऱ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देतो. मग मिस्त्रीनेही दुरुस्ती सोडून बदलण्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली, तर दोष त्याला देता येत नाही.

करता येण्यासारखे बरेच आहे. शिक्षण न घेता कामातून कौशल्य मिळवलेल्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. आपल्या भागातल्या संस्थांनी जुन्या मिस्त्रींना तिथपर्यंत न्यावे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, अशा एखाद्या उस्तादाला मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस तिथे शिकवायला बोलवावे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही आहेत. पण सुटे भाग मिळण्याचा हक्क कागदावर आला आणि ते बसवणारा हात उरला नाही, तर त्या हक्काचे काय करायचे?

आणि जुनी गाडी असलेल्या वाचकांना एवढीच विनंती आहे. या रविवारी बॉनेट उघडा. पंपाखालचे ते बारीक भोक शोधून स्वच्छ करा, डिपस्टिकचा वास घ्या, नळ्या दाबून पाहा. पडदा किती वर्षांपूर्वी बदलला ते आठवत नसेल तर बदलून घ्या, पंप खोलून. बदलताना मिस्त्रीजवळ उभे राहा, जमले तर घरातल्या मुलीला किंवा मुलाला घेऊन जा आणि त्याच्या परवानगीने मोबाइलवर काम टिपून ठेवा. आणि तो जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्या.